स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेताना नेक कसा तपासायचा

निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. लेकराला गिटार घ्यायचीय मॅडम, इलेक्ट्रिक, दहा-पंधरा हजारांत कोणती घ्यावी? मी लातूरला गिटार शिकवते आणि या प्रश्नाला कंपनीचं नाव सांगून मोकळं होणं मी बंद केलंय. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, आयबानेझची जिओ, कॉर्ट ही नावं चांगलीच आहेत, पण या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तरी एक सुरात बसते आणि दुसरी बसत नाही. म्हणून मॉडेल नका निवडू, हातातला नग तपासा, त्यातही नेक, म्हणजे तारा दाबताना हातात धरतो तो लांब दांडा.

आधी एक चुकीचा सल्ला बाजूला करते. "लाकूड कुठलंय ते बघा." या किमतीत बॉडी बासवूडची असेल नाहीतर पॉप्लरची, त्यावरून काहीही ठरत नाही. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं ठेवायची फळी, रोजवूडचा नाही म्हणून गिटार हलक्या दर्जाची, हेही खोटं. २०१७ पासून रोजवूडच्या सगळ्याच जातींना साइट्स कराराचे (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम लागू झाले, निर्यातीची कागदपत्रं वाढली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त मॉडेलना लॉरेलसारखं दुसरं लाकूड लावायला घेतलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तरी लॉरेल राहिलंच, आणि ते चांगलं चालतं. लाकडाची जात विचारत बसण्यापेक्षा ते लाकूड सरळ आहे का ते बघा, दुकानातला सगळा वेळ तिथं घाला.

सोबत न्यायच्या वस्तू: मोबाईलमध्ये ट्यूनर, पावतीसारखा एक पातळ कागद, स्टीलची पट्टी आणि फिलर गेज. फिलर गेज म्हणजे मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो ती पातळ पात्यांची जुडी, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, त्यातलं ०.२५ मिलिमीटरचं पातं आपल्या कामाचं. स्टीलच्या पट्टीबद्दल पुढे सांगते.

दुकानात गेल्यावर अ‍ॅम्प लावू देऊ नका. दुकानदार पहिलं काम काय करतो तर डिस्टॉर्शन चढवून एक रिफ वाजवून दाखवतो, त्या आवाजात तारेची खरखर, चुकलेला सूर, सगळं बुडून जातं आणि पोरगं खूष होतं. गिटार तशीच मांडीवर घ्या, सुरात लावा आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकदा वाजवा. सहा तारा, बावीस फ्रेट, पाच-सात मिनिटं लागतात. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याचे वडील माझ्यासोबत दुकानात होते, ते म्हणाले, "मॅडम, वाजू लालीय की चांगली, अजून काय बघायचं?" मी म्हटलं दादा, चौदाव्या फ्रेटपर्यंत थांबा. चौदाव्याला दुसरी तार गपकन बंद पडली. ती गिटार ठेवली, त्याच मॉडेलची दुसरी मागवली, ती नीट निघाली.

आता नेक. याच जागी मी स्वतः वर्षभर अडकले होते म्हणून सविस्तर सांगते.

२०१६ च्या मार्चमध्ये मी साडेआठ हजारांची एक गिटार घेतली. दुकानात ती बरी वाजत होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते तोच तो उन्हाळा, प्यायला पाणी मोजून, कूलरमध्ये कुठून टाकणार, खोली नुसती भाजून निघालेली. मे महिन्यात पहिली तार नवव्या फ्रेटवर झिरझिर करायला लागली. मी ज्याला त्याला विचारलं. एकानं सांगितलं तारा जाड लाव, लावल्या. दुसऱ्यानं सांगितलं ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) वर घे, घेतला, झिरझिर कमी झाली पण तारा इतक्या वर आल्या की बोटं सोलून निघायची. तिसरा म्हणाला नेक वाकलाय, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई, ती फिरवून नेकचा बाक कमी-जास्त होतो) टाइट कर, आणि मी अ‍ॅलन की घालून एक अख्खा फेरा मारला. त्यानंतर पहिल्या पाचही फ्रेटवर सगळ्या तारा खरखरायला लागल्या आणि नवव्यावरची झिरझिर होती तिथंच राहिली. वर्षभर मी ती गिटार भिकार आहे असं धरून चालले.

आमचे मामा सुतारकाम करतात, गिटारला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात ते घरी आले होते, मी कुरकुर केली तर म्हणाले आण इकडं. रंधा मारलेली फळी बघतात तशी त्यांनी गिटार डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटून हेडच्या बाजूनं नेकवरून बघितलं. मग नेकच्या कडेवरून नख फिरवलं, प्रत्येक फ्रेटचं टोक नखाला अडकत होतं. "आगं, लाकूड आक्रसलंय. लोखंड कुठं आक्रसतंय?" खिशातून पावतीचा कागद काढून ते एकेका फ्रेटच्या खाली सरकवायला लागले. कुठंच शिरला नाही. दहाव्या फ्रेटला, पहिल्या तारेच्या बाजूला, कागदाची कड अलगद आत गेली.

दहाव्या फ्रेटचं टोक उचललं होतं. नवव्यावर बोट ठेवलं की तार पुढच्या दहाव्याला घासायची. नेक वाकलेला नव्हता, तारा बरोबर होत्या, ब्रिजही बरोबर होता. मामांनी फेविक्विकचा थेंब सोडला, वर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं दोन हलके ठोके दिले आणि ठोकळा दाबून धरला. मी ट्रस रॉडचा फेरा परत ढिला केला. ती गिटार आजही माझ्या क्लासमध्ये पोरं वाजवतात.

तेव्हापासून माझा नियम आहे: खरखर ऐकू आली की आधी कुठं येते ते बघायचं, उपाय नंतर. खरखर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक फारच ताठ आहे किंवा मागे गेलाय, ट्रस रॉड थोडा ढिला करून सुटतं. बाराव्याच्या पुढे खरखर आणि मधे तारा उंच, म्हणजे नेक पुढे वाकलाय, रॉड आवळायचा. सगळीकडे सारखीच असेल तर तारा नुसत्या खाली बसवल्यात, ब्रिज थोडा उचला. आणि एखाद-दुसऱ्या जागीच असेल तर रॉडला हात लावू नका, तो फ्रेट वर आलाय. पहिल्या तीन गोष्टी सेटिंगच्या आहेत, त्यासाठी गिटार नाकारू नका. चौथीसाठी अजून एक पायरी आहे.

आधी नेकचा बाक मोजून घ्या. एका हातानं पहिला फ्रेट दाबा, दुसऱ्यानं नेक बॉडीला मिळतो तिथला, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा (तिसरा हात लागतो, दुकानातल्या पोराला सांगा). पाव मिलिमीटरचं पातं जेमतेम सरकलं म्हणजे उत्तम. जास्त फट असेल तर दुकानदाराला रॉड पाव फेरा आवळायला सांगा, त्यालाच करू द्या. फट कमी झाली म्हणजे रॉड जिवंत आहे. रॉड नुसताच फिरतोय, किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि तरी फट मोठी, तर ती गिटार फुकट दिली तरी घेऊ नका. "रॉडला हात लावायचा नसतो" असं म्हणणाऱ्या दुकानातूनही मी गिटार घेत नाही. रॉड असतोच फिरवायला, फक्त एका वेळी पाव फेरा आणि नंतर थांबून बघायचं. मी अख्खा फेरा मारला होता, तसं करू नका, रॉड तुटला तर नेक गेला.

मग पीळ बघा. गिटार डोळ्यापाशी धरून हेडकडून ब्रिजकडे बघायचं, नटची (हेडजवळ तारा ज्या खाचांतून जातात ती आडवी पट्टी) रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक तिरकी दिसली तर नेकला पीळ पडलाय. बाक रॉडनं निघतो, पीळ रॉडनं निघत नाही. इथं दुकानदाराचं काहीही ऐकू नका, "तारा बदलल्या की बसेल" असं मला तोंडावर सांगितलेलं आहे. नाही बसत.

आता स्टीलची पट्टी. तीस सेंटीमीटरची साधी पट्टी घेऊन वेल्डिंगवाल्याकडून मी तिचे तीन तुकडे करून घेतलेत, ७, ५ आणि ३.५ सेंटीमीटरचे, कापलेल्या कडा घासून. तुकड्याची सरळ धार एका वेळी तीनच फ्रेटवर टेकली पाहिजे आणि वर जाताना फ्रेट जवळजवळ येतात, म्हणून तीन मापं. ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी), म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर, ७ चा तुकडा साधारण आठव्या फ्रेटपर्यंत चालतो, ५ चा चौदाव्यापर्यंत, पुढे ३.५ चा. तीन फ्रेटवर ठेवून दोन्ही टोकं आळीपाळीनं दाबा. तुकडा टकटक डोलला तर मधला फ्रेट वर आहे. मग त्या फ्रेटच्या टोकाला नखानं दाबा, कागद सरकवून बघा. दबतोय किंवा कागद आत जातोय म्हणजे उचललाय, ठोकून बसेल. दबत नाही, कागद जात नाही आणि तरी डोलतोय म्हणजे तो घासूनच खाली आणावा लागेल, आणि असा एक फ्रेट ठीक आहे पण चार-पाच निघाले तर गिटार ठेवून द्या. फ्रेट लेव्हल करणारा भरवशाचा माणूस मला लातुरात सापडलेला नाही, पुण्याला न्यावी लागते, आणि जायचा-यायचा खर्च धरला तर स्वस्त गिटार स्वस्त राहत नाही.

फ्रेटची टोकं बोचतात म्हणून मात्र गिटार नाकारू नका. लाकूड दमट हवेतून आलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या वर जातो, फ्रेटबोर्ड आडवा आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. बारीक कानशीनं कड मोडून घ्यायची, अर्ध्या तासाचं काम. उलट उन्हाळ्यात घेतलेली आणि तरी न बोचणारी गिटार भेटली तर ते चांगलं लक्षण आहे.

नेक पास झाला की पुढचं पटकन होतं.

ब्रिज जागेवर बसवलाय का हे बघायला बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं हलकं बोट लावून हार्मोनिक घ्या, मग तीच तार बाराव्यावर दाबून वाजवा, दोन्ही सूर ट्यूनरवर एकच आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. सॅडल सरकवून जुळत असेल तर काळजी नाही, पण सॅडलचा स्क्रू संपला आणि सूर तरी चढाच, तर ब्रिजच चुकीच्या जागी ठोकलाय, सोडून द्या. जुन्या गंजलेल्या तारांवर ही परीक्षा घेऊ नका, त्या चांगल्या गिटारलाही नापास करतात. आणि दोन्ही कडेच्या तारा शेवटच्या फ्रेटवर काठापासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. एक तार काठावरून घसरत असेल तर नेक तिरका बसलाय, कधी कधी मागचे चार स्क्रू जरा सैल करून सरळ होतो.

गिटार सुरात राहत नाही म्हणून लोक लगेच चाव्या बदलतात. बहुतेक वेळा चावीचा दोष नसतो, तार नटच्या खाचेत अडकते. चावी पिळताना "टिंग" असा आवाज आला तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. नट उंच आहे का हे बघायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड कायम चढे लागतील आणि शिकणाऱ्या पोराला वाटेल आपलाच हात चुकतोय. मला याचं फार वाईट वाटतं, पोरं यातच गिटार सोडतात. नट बदलायला मात्र सोपा असतो.

लॉकिंग ट्रेमोलोवाली गिटार, म्हणजे तारा आवळून धरणारा, दांडीनं हलणारा ब्रिज असलेली, या किमतीत घेऊच नका.

आता अ‍ॅम्प लावा, क्लीन आवाजावर, म्हणजे डिस्टॉर्शन न चढवता. स्विच प्रत्येक जागी फिरवा, प्रत्येक पिकअप (तारांचा कंप उचलणारा तारांखालचा चुंबकी भाग) वाजला पाहिजे. सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला, थोडी गुणगुण असतेच. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर वायरिंग ठीक आहे, वाढली तर गिटारचं ग्राउंडिंग किंवा दुकानाचं अर्थिंग बघावं लागेल, दुसऱ्या प्लगवर लावून खात्री करा. नॉब फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरनं जाते, जॅक (केबल खोचतो ती जागा) हलतोय तर त्याचा पेचाचा नट आवळायचा. पिकअप कितीही साधे असले तरी पुढे बदलता येतात, त्यावरून निर्णय घेऊ नका.

ऑनलाइन मागवली तर हे सगळं परतीच्या मुदतीत करा, खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि उन्हाळ्यात आली असेल तर खोका रात्रभर घरात ठेवून सकाळी उघडा, ट्रकमध्ये ती तापलेली असते. मे मध्ये घेतलेल्या गिटारचा बाक जुलैत परत एकदा पात्यानं मोजा. दमट हवेत तारा थोड्या वर आलेल्या असतील, रॉडचा पाव फेरा पुरतो.