टीव्हीसमोर बसून विणताय? मग या चुका टाळा

शनिवारी दुपारी आमच्या इमारतीतल्या चार-पाच जणी सुया-लोकर घेऊन माझ्याकडे येतात. त्यातली एक तरी विणकाम पुढे करते आणि म्हणते, "काकू, साठ टाके घातले होते, सत्तावन्नच राहिलेत." टाके मोजायच्या आधी मी एकच विचारते, "विणताना काय लावलं होतंस?" बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

टीव्ही बघत विणायला माझा विरोध नाही. माझे निम्मे स्वेटर टीव्हीसमोरच झालेत. पण हातात सुया असताना मालिका ऐकायची असते. डोळे अधूनमधून वर गेले तर चालतं, पण गोष्ट कानांनी पुरती कळली पाहिजे. आणि कुठल्या विणीला काय लावायचं, हे आधी ठरवावं लागतं. "जे लागलंय ते लागू दे" म्हणणाऱ्यांची लोकर पुढे उसवावी लागते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

खाली अक्षरं येतात ती मालिका नको

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. 2021च्या सप्टेंबरात भाचीच्या लग्नासाठी जाळीची शाल विणायला घेतली होती. बारीक दोनपदरी लोकर, सुईवर 123 टाके. दहा टाक्यांची पानांची नक्षी बारा वेळा आणि कडेचे तीन. त्याच सुमारास घरोघरी ‘स्क्विड गेम’ची चर्चा होती. मुलाने ती लावून दिली, मूळ कोरियन आवाजात आणि खाली इंग्रजी अक्षरं. पहिल्याच भागात मैदानात ती अवाढव्य बाहुली मान वळवते आणि जो हलेल त्याला गोळी लागते. मी एक डोळा बाहुलीवर, एक डोळा अक्षरांवर ठेवून बसले होते आणि हात आपले चालूच.

जाळीत लोकर पुढे घेऊन एक टाका वाढवायचा आणि दोनाचा एक करून एक कमी करायचा, असा हिशेब असतो. लोकर पुढे घ्यायची राहिली की भोक पडत नाही आणि टाकाही घटतो. माझं दोन ठिकाणी तसं झालं. दुसरा भाग संपल्यावर दिवा लावला, शाल गुडघ्यावर पसरली, तर टाके 121. एकावर एक बसायला हवी होती ती पानं एका कडेला सरकत गेलेली. अठरा ओळी उसवल्या, म्हणजे दोन हजारांवर टाके.

बरं, उसवून भागत नाही. उसवलेली लोकर कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके उंचसखल दिसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी केली, चार जागी दोऱ्याने सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि न्हाणीघरात टांगली. मुंबईची सप्टेंबरातली हवा, ती लडी वाळायला तीन दिवस लागले.

तेव्हापासून नक्षीचा एक फेरा पुरा झाला की सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवते, जाड बोथट सुईने. पुढे काही चुकलं तर उसवणं त्या दोऱ्याशी येऊन थांबतं आणि टाके अलगद पुन्हा सुईवर घेता येतात. व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलींना हे वेळखाऊ वाटतं. पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं वाचवण्यासाठी तीन दिवस घालवणं मला कधीच समजलेलं नाही.

जाळी किंवा गोफ, म्हणजे वेणीसारखी पिळाची वीण, सुईवर असेल तेव्हा मी आता फक्त गाणी लावते. ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’चं 2008-09चं पर्व आठवा. आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, कार्तिकी गायकवाड गायला लागल्या की वर बघायची गरजच नाही.

साध्या विणीला काय लावावं

नुसतं सुलट किंवा दोन सुलट दोन उलट चाललं असेल तर रोजच्या मराठी मालिकांसारखी सोबत नाही. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी कधी हातात सुया धरलेल्या नसतात. या मालिकांत पात्रं मनातलंही मोठ्याने बोलतात आणि कालचं आज पुन्हा सांगतात. विणणाऱ्या बाईला आणखी काय हवं? 2001मध्ये ईटीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली. त्या काळात माझ्या हातून बाळांचे किती स्वेटर गेले, मोजलेले नाहीत. रोहिणी हट्टंगडींचा आवाज जरा खाली आला की समजायचं, आता मान वर करून बघायला हवं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ही अशीच, सगळी गंमत बोलण्यात. ‘सीआयडी’ रहस्याची असूनही चालते, कारण एसीपी प्रद्युम्न पुरावा हातात घेऊन तो काय आहे ते बोलून दाखवतात. ‘कौन बनेगा करोडपती’त प्रश्न आणि चारही पर्याय वाचून दाखवतात, आणि स्पर्धक विचार करेपर्यंत एक ओळ सहज होते.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मला मनापासून आवडते, पण ती सुया खाली ठेवूनच बघते. समीर चौघुलेंचा चेहरा न बघता ती ऐकण्यात अर्थ नाही. नाचाचे कार्यक्रम तर नकोतच.

जीव टांगणीला लागतो तेव्हा हात आवळतो

ही चूक लगेच कळत नाही, म्हणून जास्त वाईट. टाके मोजले तर बरोबर भरतात.

2 एप्रिल 2011. विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर आणि आम्ही तेव्हा गिरगावात. धाकट्या दिरांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ विणत होते. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या, टाके 88. दहा सेंटीमीटरला 22 टाके असं माप बसलं होतं, म्हणजे पाठ 40 सेंटीमीटर. श्रीलंकेच्या 274 धावा झाल्या. आपल्या डावात दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला, मग 18 धावांवर सचिन. 2 बाद 31. स्टेडियमची आरोळी खिडकीतून आधी यायची आणि टीव्हीवर तो चेंडू नंतर पडायचा. ती आरोळी आनंदाची की निराशेची, हे कळेपर्यंत मी श्वास धरून लोकर बोटाभोवती करकचून ओढत होते. गंभीरच्या 97 धावा, धोनीच्या नाबाद 91 आणि शेवटचा तो षटकार, सगळं त्या पाठीत विणलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पाठ पलंगावर पसरली तर मधला पट्टा कमरेसारखा आत गेलेला. तिथे दहा सेंटीमीटरला 26 टाके, रुंदी जेमतेम 34 सेंटीमीटर. सहा सेंटीमीटरचा फरक धुऊन, ताणून जात नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा, सरळ होईल. पण लोकर ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची होती, आणि ॲक्रिलिकवर गरम इस्त्री दाबली की ती कायमची लुळी पडते. मी उसवला.

क्रिकेट सोडायची गरज नाही, कसोटी लावा. दिवसाला 90 षटकं, षटकाला एक ओळ, हात कसा एकसारखा चालतो. पण वन-डे किंवा ट्वेंटी-20 रंगात आली की सुया खाली. तरीही हाताला काही काम हवंच असेल तर लोकरीचा गुंडा करा किंवा उरलेली टोकं आत ओवा.

बाकीच्या चुका

टीव्हीच्या उजेडावर विणू नका. डाव्या खांद्यामागे दिवा हवा. काळी आणि गडद निळी लोकर तर रात्री काढूच नका.

टाका गळलेला दिसला की त्याच क्षणी थांबा. "एवढा प्रसंग संपू दे" म्हटलं की तो टाका ओळीमागून ओळ शिडीसारखा खाली उतरत जातो. चार ओळींची शिडी क्रोशाच्या सुईने आडवा दोरा एकेक करून वर घेत दोन मिनिटांत भरते, चाळीस ओळींची भरताना घाम फुटतो. आणि गळलेला टाका मागून सुईदोऱ्याने टाचून लपवणं मला अजिबात मान्य नाही. पहिल्या धुण्यात तो सुटतो.

टाके जाहिरातीत मोजा. वाहिन्यांना तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटं जाहिरातींची परवानगी आहे, तेवढ्यात दोनदा मोजून होतात. दर वीस टाक्यांवर सेफ्टी पिन लावली तर आणखी लवकर. फोनवर किंवा ओटीटीवर बघणाऱ्यांना हा विसावा मिळत नाही, त्यांनी दर दहा ओळींनी स्वतःच थांबावं.

घामट हातांना मुंबईत स्टीलच्या सुया चिकटतात. मे महिन्यात मी बांबूच्या काढते आणि जवळ कोरडा पंचा ठेवते.

नव्याने शिकणाऱ्यांनी पहिले पंधरा दिवस टीव्ही लावूच नये. पहिल्या आठवड्यात मफलर, दुसऱ्यात गोफाचा स्वेटर आणि समोर मालिका, असा बेत घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवते. न बघता बोटांना उलट आणि सुलट टाक्यातला फरक कळला पाहिजे. उलट टाक्याची गाठ अंगठ्याला लागते, सुलट टाका गुळगुळीत जातो. ते कळलं की रिमोट घ्या.

ओळ अर्धवट टाकून उठू नका. कुकरची शिट्टी होऊ दे, दारावर कुरियरवाला येऊ दे, ओळ पुरी करा. अर्धवट ओळीच्या जागी टाका सैल पडतो, आणि परत आल्यावर उलट्या दिशेने विणायला सुरुवात झाली तर मध्येच भोक पडतं. ओटीटीवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. भाग संपला की ओळ संपवायची, सुयांच्या टोकांना रबर गुंडाळायचं, म्हणजे टाके निसटत नाहीत, आणि कितवी ओळ झाली ते वहीत लिहून मगच उठायचं.