आईबाबांच्या ठेवी मार्गी लावल्या, त्याची गोष्ट

बाबांचं वय ७८, आईचं ७३. ठेवी तीन बँकांत, बहुतेक एकट्या बाबांच्या नावावर. पावत्या साडीच्या जुन्या खोक्यात. काहींवर नॉमिनीचा रकाना कोराच.

आधी सगळं एका वहीत उतरवलं. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंतच मिळतो. म्हणून जास्तीची रक्कम मुदत संपताच सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकली.

खरी अडचण सहीची. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे नॉमिनीच्या अर्जावरची सही नमुन्याशी जुळेना. अर्ज परत! शेवटी त्यांना रिक्षाने शाखेत नेलं. काउंटरवर डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी नवी नमुना सही केली. हे काम माणूस हिंडता-फिरता असतानाच करून घ्यावं, असं मी कळकळीने सांगतो.

मग ठेवींवर आईचं नाव जोडून ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घेतलं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला पैसे मिळतील. एवढ्यावर थांबू नका. एक जण गेल्यावर दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडता यावी, यासाठी दोघांच्या सहीचं वेगळं संमतिपत्र लागतं. ते आम्ही दिलं.

नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा. वारसाहक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो. त्यामुळे बाबांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती केली. ताईला आधीच सगळं वाचून दाखवलं.

सोसायटीतलं नामनिर्देशन तेवढं बाकी आहे.