आधी पाच जण मोज : अमेरिकेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला ऑफेन्स वाचायला शिकवताना

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ उभे राहतात. न्यू जर्सीत आमच्या मुलाने नववीत शाळेच्या फ्रेशमन संघात नाव घातलं, तो फुटबॉल मात्र वेगळा. हेल्मेटवाला, इंचाइंचाने पुढे सरकणारा. कोचने त्याला लाइनबॅकर केलं, म्हणजे डिफेन्सच्या (बॉल पुढे नेणाऱ्या संघाला, ऑफेन्सला, रोखणाऱ्यांच्या) मधल्या फळीत. दुसऱ्याच आठवड्यात तो जेवताना म्हणाला, "बाबा, मला पळता येतं, टॅकलही जमतं. पण समोरचे कसे उभे आहेत ते कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो."

ज्या मराठी घरांत मूल यंदा पहिल्यांदा पॅड चढवणार आहे, त्यांच्यासाठी दोन सीझनमध्ये आम्ही जे शिकलो ते लिहितोय.

सुरुवात आम्ही चुकीच्या टोकाने केली. फॉर्मेशन म्हणजे ऑफेन्सची उभं राहण्याची रचना. आय-फॉर्मेशन, विंग-टी, शॉटगन, ट्रिप्स अशा नावांची कार्डं करून घेतली. चार दिवसांत पोराला सगळी तोंडपाठ झाली आणि मैदानावर एकही कामाला आलं नाही. कारण समोरचा संघ एक माणूस दोन पावलं इकडचा तिकडे करतो, आणि कार्डावरचं चित्र जुळत नाही.

मग मी कॅरमच्या सोंगट्या काढल्या. नऊ पांढऱ्या, एक राणी, एक स्ट्रायकर : बरोबर अकरा. स्ट्रायकर म्हणजे क्वार्टरबॅक, बॉल हातात घेऊन तो कुणाला द्यायचा ते ठरवणारा. पाच पांढऱ्या ओळीने मांडल्या : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल (हे जागेचं नाव; समोरच्याला पाडणं, तेही टॅकलच). हे पाच जण समोरच्याला अडवायला असतात. त्यांच्या जर्सीवर 50 ते 79 मधले नंबर असतात आणि त्यांना पास झेलता येत नाही. राहिले पाच. चार पांढऱ्या आणि राणी. क्वार्टरबॅक बॉल देणार तो यांच्यापैकीच कुणाला तरी. म्हणजे फॉर्मेशन कुठलंही असो, प्रश्न एकच : हे पाच जण कुठे उभे आहेत?

काळी सोंगटी एकच ठेवली. ती म्हणजे तो स्वतः. डिफेन्सचे बाकीचे दहा मुद्दामच मांडले नाहीत.

बघायचा क्रम रोज तोच. आधी क्वार्टरबॅकच्या आसपास, मागे किती जण आहेत. मग टॅकलला चिकटून टाइट एन्ड (अडवतोही आणि पासही झेलतो असा गडी) आहे का, असला तर कुठल्या बाजूला. मग बाहेर पसरलेले रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, डावीकडे किती, उजवीकडे किती. बेरीज पाच यायलाच हवी. चारच भरले तर कुणीतरी नजरेतून सुटलाय, आणि तो बहुतेक टाइट एन्डच्या खांद्यामागे एक पाऊल मागे उभा असतो. नावं यानंतर आपोआप येतात. क्वार्टरबॅकच्या मागे दोघे सरळ रेषेत, म्हणजे आय. क्वार्टरबॅक पाचेक यार्ड मागे उभा, म्हणजे शॉटगन. एका बाजूला तीन रिसीव्हर, म्हणजे ट्रिप्स. मोठ्या मुलांच्या तोंडी '11' किंवा '21' असे आकडे ऐकू येतात. त्यात पहिला आकडा रनिंग बॅकचा, म्हणजे मागे उभे राहून बॉल घेऊन पळणाऱ्यांचा, दुसरा टाइट एन्डचा. पाचातून दोन्ही वजा केले की उरतात ते वाइड रिसीव्हर.

हे मोठ्याने बोलून घ्या. मनातल्या मनात मोजलं की पोरं "हो, कळलं" म्हणतात आणि पुढे जातात. आमच्याकडे मी सोंगट्या मांडून हात बाजूला घ्यायचो, आणि त्याने चार सेकंदांत सांगायचं : "मागे एक, टाइट एन्ड उजवीकडे, डावीकडे दोन, उजवीकडे एक." पहिल्या दिवशी अकरा सेकंद लागले. तीन आठवड्यांत तो तीनवर आला.

मैदानाची रुंदी लक्षात घ्या, याकडे फार जण बघत नाहीत. हायस्कूलच्या मैदानावर हॅशच्या खुणा (लांबीभर आखलेल्या छोट्या रेघांच्या दोन ओळी) मैदानाचे तीन सारखे भाग करतात. बॉल एका हॅशवर असेल तर एका अंगाला जेमतेम 18 यार्ड आणि दुसऱ्या अंगाला 35. तीन रिसीव्हर मोकळ्या अंगाला पसरले तर त्यात नवल नाही. तेच अरुंद बाजूला दाटीने उभे राहिले, तर मोकळ्या बाजूला काय शिजतंय ते बघायचं. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हॅश अगदी जवळ, साडेअठरा फुटांवर असतात, त्यामुळे बॉल जवळजवळ मध्येच असतो. टीव्हीवरचा कॅमेराही बॉलमागे धावतो, लांबचे खेळाडू दिसत नाहीत. म्हणून टीव्ही बघून फॉर्मेशन शिकायचा नाद सोडा. शाळेच्या सामन्यांचे व्हिडिओ हडल (Hudl) या साइटवर मिळतात. स्नॅपच्या, म्हणजे सेंटर बॉल मागे देतो त्या क्षणाच्या, आधी थांबवा, त्याला बोलू द्या, मग पुढे चालवा. रोज दहा-बारा प्ले, म्हणजे डाव, पुरे.

एवढं करूनही ऑक्टोबरातल्या एका सामन्यात तो सपशेल फसला. त्याने मोजलं बरोबर. स्नॅपच्या आधी एक रिसीव्हर आडवा धावत सुटला, याला मोशन म्हणतात. हाही त्याच्या मागे दोन पावलं गेला, आणि बॉल उलट्या बाजूने गेला. 40 यार्ड, टचडाउन. घरी व्हिडिओ संथ करून बघितला तेव्हा उत्तर समोरच होतं. रिसीव्हर ज्या बाजूला धावत होता, त्याच बाजूचा गार्ड ओळीतून निघून उलट दिशेला पळाला होता. याला काउंटर म्हणतात. कोच जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टनच्या एनएफएल संघाने 1980 च्या दशकात याच जातीच्या प्लेवर नाव कमावलं.

तेव्हापासून आमच्याकडे कामाची वाटणी ठरली. स्नॅपच्या आधी पाच जण, स्नॅपनंतर गार्ड. गार्डचं हेल्मेट खाली राहून पुढे आलं तर रन, म्हणजे बॉल घेऊन पळणार. तो ताठ होऊन मागे सरकला तर पास. ओळ सोडून आडवा पळाला तर दुसरा विचार न करता त्याच्या मागे जायचं. फॉर्मेशनवरून काय काय होऊ शकतं ते कळतं, त्यातलं काय होतंय ते गार्ड सांगतो. हे शिकवायला मी त्याच्यासमोर गार्डसारखा वाकून बसायचो आणि एक हालचाल करायचो, तो पहिलं पाऊल टाकायचा. धडकाधडकी नाही, दुखापत नाही. न्यू जर्सीत 2019 पासून सीझनमध्ये आठवड्याला पूर्ण जोराच्या धडकेचा सराव फक्त 15 मिनिटं करता येतो. मला तो नियम मनापासून पटतो. त्यामुळे डोळ्यांचा सराव घरी करणं आणखीच गरजेचं झालंय.

एक काळजी घ्या. कोचचे शब्द आधी विचारून घ्या. काही संघ 'स्ट्राँग' बाजू, म्हणजे समोरच्यांची जास्त जोराची बाजू, टाइट एन्डवरून ठरवतात, काही रिसीव्हरच्या संख्येवरून. मी घरी माझ्या समजुतीने एक शिकवलं, कोचचं दुसरं होतं, आणि एका सामन्यात अर्धा डिफेन्स एकीकडे वळला नि माझा पोरगा दुसरीकडे. त्या संध्याकाळी मी कोचना फोन करून त्यांची शब्दांची यादी मागितली. त्यांनी आनंदाने दिली.

सध्या आमची गाडी आरपीओवर (रन-पास ऑप्शन) अडली आहे. त्यात ओळीतले पाचही जण रनसाठी अडवतात, गार्डचं हेल्मेट खाली, सगळं रनसारखं. क्वार्टरबॅक मात्र शेवटच्या क्षणी लाइनबॅकरकडे बघून ठरवतो की बॉल हातात द्यायचा की फेकायचा. लाइनबॅकर पुढे झेपावला की त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत पास. म्हणजे माझा मुलगा गार्डला वाचतोय, आणि क्वार्टरबॅक माझ्या मुलाला वाचतोय. कोचने सध्या एवढंच सांगितलंय की पहिलं पाऊल छोटं टाक. रात्री जेवण झालं की आम्ही तेच करतो : मी वाकतो, तो अर्धं पाऊल टाकून थांबतो, आणि मग मी हातातला टेनिसचा बॉल फेकतो किंवा फेकत नाही.