लाईनमनचा गुडघा आणि संघाचा हिशेब : या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलचा सामना बघताना नजर चेंडूमागे धावते. पण सामना बऱ्याचदा ठरतो तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, पुढ्यात उभ्या असलेल्या पाच लाईनमनमुळे. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला दोन टॅकल. बहुतेकांचं वजन १३५ ते १५० किलोच्या घरात. यांच्यातला एक जण गुडघा धरून खाली बसला की टीव्हीवर जाहिरात लागते आणि परत येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा असतो. बघणाऱ्याला वाटतं, एक गेला, दुसरा आला.

तसं ते कधीच नसतं. एनएफएल ही अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग मनापासून बघणारे मराठी लोक आता अमेरिकेत खूप आहेत, भारतातही रात्री जागून बघणारे आहेत. त्यांच्या चर्चेत गुडघ्याच्या दुखापतीबद्दल त्याच त्या चुकीच्या समजुती फिरत असतात. गंमत म्हणजे यातल्या काही चुका संघही करतात, आणि त्यांना त्या फार महागात पडतात.

परतीच्या तारखेला गुडघा बरा झाला, असं धरून चालणं

ही सगळ्यांत मोठी चूक. 'एसीएल फाटलं, नऊ महिने' हे समीकरण आता पाठ झालंय. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून ठेवणारं एक लिगामेंट. ऑपरेशनच्या तारखेत नऊ महिने मिळवायचे आणि कॅलेंडरवर खूण करायची.

ग्रीन बे पॅकर्सचा लेफ्ट टॅकल डेव्हिड बाख्तियारी आठवा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने नवा करार केला आणि तो त्या वेळचा लीगमधला सर्वांत महागडा लाईनमन ठरला. ३१ डिसेंबरला सरावात त्याचं एसीएल फाटलं. हिशेबाने २०२१ च्या हंगामात तो मध्यापर्यंत परतायला हवा होता. संघाने त्याला नोव्हेंबरमध्ये यादीत घेतलंही. पण मैदानात उतरला तो थेट जानेवारी २०२२ मध्ये, डेट्रॉईटविरुद्ध, २७ स्नॅपपुरता (चेंडू सुटून सुरू होणारी प्रत्येक चाल म्हणजे एक स्नॅप). नंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध संघाला त्याची खरी गरज होती, तेव्हा तो खेळू शकला नाही. २०२२ मध्ये ११ सामने, २०२३ मध्ये फक्त पहिला सामना आणि मार्च २०२४ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. तीन हंगामांतल्या ५१ साखळी सामन्यांपैकी १३. मधल्या काळात गुडघा पुन्हा पुन्हा उघडावा लागला.

या माणसाने कष्टात कसूर केली नव्हती. गुडघ्यात पाणी साठत राहिलं, सूज उतरेना, आणि सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करत नाही. शरीर स्वतःहून त्या स्नायूचा जोर कमी करतं. कितीही इच्छाशक्ती असली तरी तिथे काही चालत नाही.

एसीएलच्या ऑपरेशनमध्ये फाटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत. वाटीखालच्या, मांडीच्या पुढच्या किंवा मागच्या टेंडनमधून पट्टी काढून तिथे बसवतात. ती रोवलेल्या कलमासारखी आधी अशक्त होते, मग रक्तपुरवठा मिळतो आणि हळूहळू ती जीव धरते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्यांदा पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तो अभ्यास काही १४० किलोच्या लाईनमनवर केलेला नव्हता, पण नऊ महिन्यांचा आकडा कसा वाचायचा ते त्यातून कळतं. त्याच्या आत परतणं धोक्याचं, एवढाच त्याचा अर्थ. नऊ महिने झाले की गुडघा तयार, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तारखेऐवजी दोन गोष्टी बघा. दोन्ही पायांच्या मांडीच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत आलाय का? आणि पूर्ण सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजतोय का? फिजिओ वाटीच्या थोडं वर टेप गुंडाळून घेर मोजतात. आदल्या दिवशीपेक्षा तो वाढलेला असेल, तर पुढचा टप्पा थांबवायचा. बातम्यांत 'लिमिटेड पार्टिसिपेशन' (सरावात मर्यादित सहभाग) असं दिवसाआड येत असेल, तर बहुधा हीच सूज भानगड करत असते.

रिसीव्हरचं माप लाईनमनला लावणं

'अमुक रिसीव्हर दहा महिन्यांत परतला, हा का नाही?' हा प्रश्न दर हंगामात येतो. रिसीव्हर म्हणजे फेकलेला चेंडू धावत झेलणारा, त्याला वेगात दिशा बदलायची असते. लाईनमनचं काम निराळं. तो गुडघे वाकवून बसतो, चेंडू सुटला की मागे-बाजूला सरकतो आणि समोरून त्याच्याइतकाच जड माणूस छातीवर आदळतो. तो धक्का मागच्या पायावर झेलून तिथेच रुतून राहायचं. गुडघा वाकलेला, पाय जमिनीत रोवलेला, वरून दोघांचं वजन. वाटीच्या मागच्या भागावर या अवस्थेत येणारा ताण प्रचंड असतो. आणि असं सामन्यात साठ-सत्तर वेळा.

बरेचदा दुखापत समोरच्यामुळे होतही नाही. मागून कुणीतरी, कधी कधी स्वतःच्याच संघातला गडी, रोवलेल्या पायावर येऊन पडतो आणि गुडघा आतल्या बाजूला मोडतो. म्हणूनच लाईनमनमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, इतक्यांदा दुखावतं. आपल्याकडे कबड्डीत पकडीच्या ढिगाऱ्याखाली पाय अडकलेला खेळाडू ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

परतलेला लाईनमन खरंच सावरलाय का, हे घरबसल्याही बरंचसं दिसतं. रिप्ले लागला की चेंडू विसरा आणि त्याचा मागचा पाय बघा. धक्का बसल्यावर तो पाय जागेवर राहतो, की छोट्या उड्या मारत मागे सरकतो? कंबर खाली आहे, की तो लवकर ताठ उभा राहतोय? ताठ होतोय म्हणजे गुडघ्यावर भार घ्यायचं टाळतोय. तो कितीही हसत मुलाखत देवो.

'एसीएल नाही ना? मग काही नाही'

एसीएल हे नाव माहीत आहे म्हणून सगळी भीती त्याच्याच वाट्याला जाते. एमसीएल अर्धवट फाटलं तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय, काही आठवड्यांत भरून येतं. तिथे दिलासा वाटणं बरोबर. पण गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली की दोन वाटा असतात. फाटलेला तुकडा कापून काढला तर खेळाडू महिना-दीड महिन्यात मैदानात येऊ शकतो. शिवली तर चार-सहा महिने जातात. प्रत्येकाला पहिली वाट हवीशी वाटते. पण गादी गेली की हाडावर हाड घासायला लागतं, आणि १४० किलोच्या माणसात ते लवकर घडतं.

कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजणं तर त्याहून वाईट, कारण तिच्यावर हमखास उपाय नाही. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा राईट टॅकल रायन रॅमझिक २०१९ मध्ये ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, होता. २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांचा मोठा करार मिळाला. एका झटक्यात काही फाटलं आणि सगळं संपलं, असं त्याच्या बाबतीत झालं नाही. कूर्चेचा त्रास वाढत गेला, २०२४ चा अख्खा हंगाम गेला आणि २०२५ च्या वसंतात, तिशी नुकतीच उलटलेली असताना, त्याने निवृत्ती घेतली. अशा गुडघ्याची बातमी कधीच मोठी होत नाही, म्हणून संघाच्या नियोजनातही ती मागे पडते.

पटेलर टेंडन हा तिसरा प्रकार. वाटीला नडगीशी जोडणारा हा पट्टा तुटला की पाय सरळच करता येत नाही. लॉस एंजेलिस चार्जर्सच्या रशॉन स्लेटरचा तो ऑगस्ट २०२५ मध्ये सरावात तुटला. चार वर्षांच्या, ११.४ कोटी डॉलरच्या करारावर सही करून त्याला दोन आठवडेही झाले नव्हते.

एक जागा भरताना दोन जागा मोडणं

आता संघाकडे वळू. माझ्या मते खरं शिकण्यासारखं इथेच आहे.

२०२० च्या अखेरीस बाख्तियारी जखमी झाल्यावर पॅकर्सनी राईट टॅकल बिली टर्नरला डावीकडे आणलं आणि त्याच्या जागी रिक वॅगनरला उभं केलं. २४ जानेवारी २०२१ रोजी टँपा बेविरुद्धच्या एनएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात पॅकर्सचा क्वार्टरबॅक आरॉन रॉजर्स पाच वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. शकील बॅरेटने तीन, जेसन पिअर-पॉलने दोन. दोघेही कडेने घुसणारे, म्हणजे नेमके टॅकलच्या अंगावर येणारे. पॅकर्स ३१-२६ ने हरले. दुखापत एकाची होती, पण दोन्ही कडा बदलल्या.

डावीकडचा माणूस उजवीकडे करेलच, असं आपण सहज म्हणून जातो. पण सगळं उलटं होतं : कुठला पाय मागे, कुठला हात आधी, कंबर कुठल्या बाजूला उघडायची. वर्षानुवर्षं घोटलेली हालचाल आठवड्याभरात आरशातल्यासारखी फिरवायची.

फिलाडेल्फिया ईगल्सनी २०१७ मध्ये नेमकं हे टाळलं. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध लेफ्ट टॅकल जेसन पीटर्सचं एसीएल आणि एमसीएल दोन्ही गेलं. पीटर्स तेव्हा ३५ वर्षांचा, पण अजूनही लीगमधल्या उत्तम टॅकलपैकी. उजवीकडे लेन जॉन्सन होता, तोही अव्वल. त्याला डावीकडे सरकवायचा मोह कुठल्याही प्रशिक्षकाला झाला असता. ईगल्सनी त्याला हलवलं नाही. राखीव हालापुलिवाती वायताईला डावीकडे घातलं आणि बाकी चौघं होते तिथेच ठेवले. वायताई नवखा नव्हता. २०१६ मध्ये जॉन्सनवर बंदी होती तेव्हा त्याने मैदानात चटके खाल्ले होते. पहिल्या परीक्षेत तो चाचपडला होता, तरी संघाने त्याला टाकून दिलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यात ईगल्सनी पेट्रियट्सना ४१-३३ ने हरवलं, आणि त्यांचा क्वार्टरबॅक निक फोल्स त्या सामन्यात एकदाही सॅक झाला नाही.

त्याच वर्षी त्यांनी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सातव्या फेरीत जॉर्डन मैलाटाला घेतलं. ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. दोन वर्षं त्याला फक्त शिकवलं. २०२० पासून तो डावीकडे उभा राहू लागला आणि पुढे तिथेच टिकला. पीटर्सचा वारसदार शोधायला ते पीटर्स थांबेपर्यंत थांबले नाहीत.

चार्जर्सनी स्लेटर जखमी झाल्यावर जो ऑल्टला उजवीकडून डावीकडे नेलं. हा निर्णय पॅकर्सपेक्षा समजण्यासारखा होता, कारण ऑल्ट कॉलेजात डावीकडेच खेळलेला. पण ऑल्टचा घोटा दुखावला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचाही हंगाम संपला. दोन उत्तम टॅकल असलेल्या संघाकडे एकही उरला नाही. अशा वेळी 'नशीब खराब' म्हणून सोडून देऊ नये. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी ४८ खेळाडू तयार ठेवायचे असतील, तर त्यांत किमान आठ आक्रमक लाईनमन लागतात, असा लीगचाच नियम आहे. सहावा, सातवा, आठवा माणूस कोण, यावर मार्चमध्येच डोकं खर्च करायला हवं.

बाजारातून टॅकल आणला की काम झालं

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा लेफ्ट टॅकल क्रिश्चियन डॅरिसॉचं एसीएल आणि एमसीएल गेलं. काही दिवसांत संघाने जॅक्सनव्हिलकडून कॅम रॉबिन्सनला आणलं. याहून चपळ प्रतिसाद कठीण होता, आणि संघ १४-३ वर पोचलाही. पण प्लेऑफमध्ये रॅम्सनी व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डला नऊ वेळा पाडलं आणि सामना २७-९ ने गेला. सगळं खापर रॉबिन्सनवर फोडणं चूक. नऊ सॅक एका माणसाच्या बाजूने होत नाहीत. लाईन म्हणजे पाच जणांचं एकमेकांत मुरलेलं बोलणं : समोरचा आत वळला तर कोण घेणार, हे डोळ्यांच्या इशाऱ्याने ठरतं. नवा माणूस कितीही चांगला असो, ते मुरायला वेळ लागतोच.

डॅरिसॉ सप्टेंबर २०२५ मध्ये, सुमारे अकरा महिन्यांनी परतला. त्यानंतरही काही सामन्यांत त्याला मधूनच बाहेर घ्यावं लागलं. परतीचा पहिला हंगाम अर्धाच धरावा, हे इथे पुन्हा दिसलं.

पैशाचंही असंच. सहीच्या वेळचा बोनस सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेच्या, हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवला जातो. खेळाडूला मधेच सोडलं, तरी उरलेला भाग संघाच्या डोक्यावर राहतो. म्हणजे गुडघा गेला की माणूसही नाही आणि त्याच्या बदल्यात दुसरा घ्यायला जागाही कमी.

ब्रेस घातलाय म्हणजे निर्धास्त

बाजूने बसणाऱ्या धक्क्यापासून बिजागरीचा ब्रेस एमसीएलला थोडीफार मदत करतो. पाय पिळवटून एसीएल फाटायचं असेल, तर तो फार काही अडवत नाही. घालावा, पण त्याच्या भरवशावर लवकर उतरू नये.

मुलगा शाळेच्या संघात लाईनवर असेल तर

न्यू जर्सी, टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंत मराठी घरांतली थोराड मुलं आता हायस्कूलच्या संघात लाईनवर दिसतात. तिथे एनएफएलसारखा डॉक्टरांचा ताफा नसतो, म्हणून आई-वडिलांनीच काही गोष्टी धरून ठेवाव्यात. 'चालत बाहेर आला, म्हणजे विशेष काही नाही' हा निष्कर्ष काढू नका. एसीएल फाटल्यावर दुखणं काही मिनिटांत ओसरू शकतं, आणि मुलगा 'मी ठीक आहे' म्हणून परत जायला बघतो. 'कट्' असा आवाज आला का, पाय निसटल्यासारखं वाटलं का, हे त्याला तिथेच विचारा. काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साठलं असण्याची शक्यता मोठी. एमआरआयशिवाय त्याला मैदानात सोडू नका. गुडघा वाकलेल्या जागीच अडकून सरळ होत नसेल, तर गादीचा तुकडा मधे आलेला असू शकतो. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशन झालंच तर वजनाकडे लक्ष ठेवा. लाईनवर खेळतो म्हणून दुप्पट जेवायची सवय असते, धावणं बंद होतं, आणि सहा महिन्यांत मांडी बारीक व पोट मोठं होतं. कोचने परतीची तारीख विचारली, तर तारीख देऊ नका. मांडीच्या ताकदीची चाचणी कधी आहे ते सांगा आणि तिचा निकाल येईपर्यंत पॅड कपाटातच राहू द्या.