लॅपटॉपबरोबर ऑपरेटिंग सिस्टीमही बदलताना या चुका टाळा

विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षायंत्रणा आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी लॅपटॉप या परीक्षेत नापास झाले. ‘नवा घ्यायचाच आहे, तर या खेपेस मॅकच घेऊ’ किंवा ‘जुन्यावरच लिनक्स टाकू’ असे म्हणणारी मंडळी आता म्हापशातल्या माझ्या छोट्याशा दुरुस्तीच्या दुकानात वरचेवर येतात. त्या विचारात वावगे काहीच नाही, पण क्रम बहुतेकांचा उलटा असतो. चवथीच्या सवलतीत नवे यंत्र घरी येते, जुने एक्स्चेंजमध्ये जाते, आणि आपले काम नव्यावर होते की नाही हा प्रश्न त्यानंतर विचारला जातो.

यंत्र आधी, कामाची यादी नंतर

लॅपटॉप निवडताना लोक प्रोसेसर, रॅम, स्क्रीन आणि किंमत यांची तुलना करत बसतात. एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये राहणार असाल, तर ते ठीक आहे. ती बदलणार असाल, तर घोडे अडते ते या चारांपैकी कशावरही नव्हे, तर टेबलाच्या खणात पडलेल्या एखाद्या किरकोळ वस्तूवर.

आमच्याच भागातील एका करसल्लागारांनी मॅकबुक एअर घेतला. हिशेबाचे टॅलीप्राइम सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते काम त्यांनी आधीच क्लाउडवर नेले होते. एवढा विचार करणारे गिऱ्हाईक मला क्वचितच भेटते. जुना विंडोज लॅपटॉप त्यांनी दुकानदारालाच देऊन टाकला. पुढच्या १९ तारखेच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असलेल्या अशिलांची विवरणपत्रे डिजिटल स्वाक्षरीशिवाय दाखल होत नाहीत. ती स्वाक्षरी ज्या यूएसबी टोकनमध्ये असते, ते टोकन नव्या लॅपटॉपला लागेचना, कारण त्याला जुन्या पद्धतीचा रुंद यूएसबी पोर्टच नव्हता. म्हापशाच्या बाजारातून अडॅप्टर आणला, टोकन लागले, पण मॅकने ते ओळखले नाही. टोकनबरोबर मिळालेला मॅकचा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू यंत्राला ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर, काही वर्षांपूर्वीच्या मॅकओएससाठी लिहिलेला होता आणि नव्या आवृत्तीवर तो उघडतच नव्हता.

“भाऊ, दुकानदार तर म्हणाला होता की मॅकवर सगळे चालते,” ते मला म्हणाले. ‘सगळे’ म्हणजे नेमके काय, हे दुकानदाराला कोणी सांगितले नव्हते.

त्यांच्या पुतण्याने मग मॅकवरच विंडोज चालवून पाहण्याची टूम काढली. आताच्या मॅकमध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिप असतात, त्यांच्यावर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज सुरू करण्याची सोय) नाही, आणि पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून त्यांच्यावर चालते ते एआरएम या वेगळ्या रचनेच्या चिपसाठीचे विंडोज. त्यात नेहमीच्या विंडोजचे पुष्कळसे प्रोग्रॅम चालतात, परंतु ड्रायव्हर मात्र एआरएमसाठी मुद्दाम बनवलेलाच लागतो, आणि त्यांच्या टोकनचा तसा ड्रायव्हर नव्हता. शेवटी २० तारखेला ते सकाळीच टोकन खिशात घालून फोंड्याला एका व्यवसायबंधूंच्या कार्यालयात गेले आणि तिथल्या विंडोज संगणकावर दिवसभर बसून सह्या केल्या. एका अशिलाचे विवरणपत्र तरीही मागे राहिले. विलंबशुल्क दिवसाला ५० रुपये, म्हणजे रक्कम किरकोळ, पण त्या अशिलाने जे सुनावले ते किरकोळ नव्हते.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे, आणि तो सांगितला की लोकांचे तोंड उतरते, कारण त्याला महिना लागतो. जुन्या लॅपटॉपशेजारी एक कोरा कागद ठेवावा आणि पूर्ण महिनाभर जो जो प्रोग्रॅम उघडला, जी जी वस्तू जोडली, ज्या ज्या सरकारी संकेतस्थळावर गेलो, ते त्यावर लिहीत जावे. रोजची कामे तोंडपाठ असतात. महिन्यातून एकदा किंवा फक्त मार्चमध्ये लागणारी कामे आठवत नाहीत, आणि नेमकी तीच नडतात. कागद भरला की प्रत्येक नोंदीपुढे लिहावे: नव्या यंत्रावर जशीच्या तशी चालते, ब्राउझरमध्ये चालते, पर्याय आहे, की काहीच नाही. ‘काहीच नाही’ असे एखाद्या अत्यावश्यक कामापुढे लिहावे लागले, तर मॅकचा विचार तिथेच सोडावा किंवा जुने यंत्र त्या एका कामासाठी जपून ठेवावे. टोकन, प्रिंटर, स्कॅनर, बिलिंगचे थर्मल प्रिंटर यांच्याबाबतीत कोणाच्या शब्दावर विसंबू नये. दुकानातील डेमो यंत्रावर ड्रायव्हर टाकू देत नाहीत, म्हणून ओळखीतल्या कोणाचा मॅक अर्ध्या तासासाठी मागावा आणि वस्तू प्रत्यक्ष जोडून पाहावी.

एवढ्यावरून ‘मग विंडोजच बरे’ म्हणणाऱ्यांसाठी एक इशारा. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेच्या प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात आहेत. बॅटरी उत्तम टिकते, पण तेही एआरएम आहेत आणि ड्रायव्हरचा नियम तिथेही तोच. दिसायला विंडोज, म्हणून कागदाची गरज संपत नाही.

काही चुका, ज्यांना एखादे वाक्य पुरे

स्वस्तात मिळतो म्हणून इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक घेऊ नये: ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरपासून स्वतःच्या चिपचे मॅक विकायला सुरुवात केली असून मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा सेकंडहँड घेतानाही ८ जीबीच्या मोहात पडू नये. ज्यांच्या संस्थेचा हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये आहे, त्यांनी मॅकवर ॲक्सेस मिळतच नाही हे पैसे देण्यापूर्वी जाणून घ्यावे. कंट्रोलऐवजी कमांड दाबण्याची सवय दोन आठवड्यांत होते. तिचा बाऊ करणाऱ्यांना मी फारसे गांभीर्याने घेत नाही.

जुन्या मराठी फाइली तशाच उचलून नेणे

मराठीत लिहिणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान या चुकीने होते, आणि लॅपटॉप खरेदीच्या सल्ल्यात तिचा उल्लेखही नसतो. गोव्यात गावोगावी नाटके होतात, देवळांचे अहवाल निघतात, भजनी मंडळांच्या पदांच्या वह्या कोणीतरी हौसेने टंकलिखित करून ठेवलेल्या असतात. यांतील बरेच लेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरांच्या जुन्या, म्हणजे युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या, फाँटांत आहे. अशा फाइलीत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाँट गेला की मागे उरते ती इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी.

डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली सारी एकांकिका-संपदा पेनड्राइव्हवर घेऊन मॅकवर उतरवली आणि उघडल्यावर त्यांच्या पोटात गोळाच आला. मुलाने कुठून तरी फाँट आणून बसवला. बरेचसे दिसू लागले, पण जोडाक्षरे जागोजागी गळाली. मूळ टायपिंग सॉफ्टवेअर डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लावूनच चालणारे आणि विंडोजपुरतेच होते. सुदैवाने गुरुजींचा जुना लॅपटॉप माळ्यावर होता आणि चालू झाला, म्हणून पुढचे सगळे त्यावर करता आले.

रूपांतर करायचे ते जुन्याच यंत्रावर, मूळ फाँट डोळ्यांसमोर असताना. परिवर्तक सॉफ्टवेअर बरीच मिळतात. त्यांपैकी कोणावरही आंधळा विश्वास नको. जुन्या फाँटांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने टंकली जातात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. हा क्रम फिरवताना परिवर्तक चुकला की ‘किती’चे ‘िकती’ आणि ‘सर्व’चे ‘सवर्’ होते. ‘डोंगरदऱ्या’तला ऱ्य साधा र्य होऊन बसतो, आणि ती चूक तर वाचतानाही निसटते. म्हणून मी प्रत्येक फाइलची पीडीएफ मूळ फाँटमध्येच आधी काढून ठेवतो, मग रूपांतर करतो, आणि या तीन जागा शोधून शोधून पाहतो. मजकूर एकदा शुद्ध युनिकोडमध्ये आला, की विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तो तसाच दिसतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलकही तिन्हींवर असतो. एका रात्रीत शंभर फाइली फिरवून देणारे हुन्नरी तरुण आहेत. त्यांनी फिरवलेल्या फाइली दुरुस्त करायला मला अधिक वेळ लागतो, म्हणून मी आता त्या घेत नाही.

डिस्कचे स्वरूप न पाहता ती जोडणे

विंडोजची बाह्य डिस्क बहुधा एनटीएफएस स्वरूपात असते. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. याउलट मॅकवर एपीएफएस स्वरूपात घडवलेली डिस्क विंडोजला लावली, तर विंडोज ती फॉरमॅट करायची का असे विचारते, आणि घाईत ‘होय’ म्हणणाऱ्याचे लग्नाचे फोटो तिथेच संपतात. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅटमध्ये असावी, पण त्या स्वरूपात आणताना आतला मजकूर पुसला जातो, म्हणून आधी प्रत काढावी.

दुसरे म्हणजे बिटलॉकर. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. लॅपटॉप बंद पडल्यावर त्याच्यातील डिस्क काढून दुसरीकडे जोडली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. यंत्र सुरू आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवावी.

लिनक्स टाकताना केलेली घाई

जुन्या लॅपटॉपला लिनक्स खरोखरच मानवते, विशेषतः त्यात एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) असेल तर. परंतु दहा मिनिटांची चित्रफीत पाहून टर्मिनलमध्ये अर्थ न कळणाऱ्या आज्ञा चिकटवणारे आणि विंडोज थेट पुसून टाकणारे नवशिके पाहिले की मला राग येतो. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करता येते. डिस्कला हातही न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे, हे सगळे तपासता येते. एवढा धीर ज्याला नाही, त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये.

सेवा आणि घर न पाहणे

ब्रँड बदलताना दुकान पणजीत आहे म्हणून दुरुस्तीही पणजीत होईल असे धरून चालू नये. घरी येऊन सेवा मिळते की नाही, ते काणकोण, पेडणे किंवा वाळपईच्या पिनकोडसाठी खरेदीपूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. किनाऱ्यालगत वापरलेला सेकंडहँड लॅपटॉप घेताना बॅटरीइतकेच लक्ष पोर्टांकडे द्यावे. खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातील दमटपणाने आलेला हिरवट थर टॉर्चच्या प्रकाशात दिसतो. जुन्या घरात धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर हाताला मुंग्या आणतो. तीन पिनांची वायर मिळत असेल तर घ्यावी आणि घराचे अर्थिंग वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

जुने यंत्र लगेच देऊन टाकणे

एक्स्चेंजचे दोन-तीन हजार वाचवायला जाऊन लोक परतीचा एकमेव रस्ता बंद करतात. दोन्ही यंत्रे निदान एक पूर्ण महिना शेजारी शेजारी ठेवावीत आणि कागदावरील प्रत्येक काम नव्यावर एकदा तरी पार पडल्याची खूण करावी. देताना सॉफ्टवेअरचे परवाने जुन्यावरून सोडवून घ्यावेत, खात्यांतून साइनआउट करावे; जुना मॅक देत असाल तर ‘फाइंड माय’ बंद करावे, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे तो घेणाऱ्याच्या काहीच कामाचा राहत नाही. सर्वांत शेवटी डिस्क पुसावी, आणि लॅपटॉपच्या पिशवीचे सगळे कप्पे उलटे करून पाहावेत, कारण टायपिंगचा डोंगल आणि सहीचे टोकन हमखास तिथेच राहून जातात.