कोकोपीटमधले टमाटर आणि मिरची: दसऱ्याआधीची तयारी

पाऊस ओसरायला लागला आहे. नागपुरातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो आणि तिथून फेब्रुवारीपर्यंतचे महिने टमाटर, मिरची, ढोबळी मिरची, वांगी यांना वर्षात सगळ्यात जास्त मानवतात. गच्चीवर किंवा छोट्या शेडनेटमध्ये कोकोपीटच्या म्हणजे नारळाच्या भुशाच्या ग्रो बॅगा भरायच्या असतील तर काम आत्ताच हाती घ्या. रोप लावण्याआधी मिश्रण दोन-तीन आठवडे पिकावं लागतं आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. आज मिश्रण केलं तर दसऱ्याच्या सुमारास रोपं लावता येतील. दिवाळीपर्यंत थांबलात तर फुलं ऐन थंडीत येतील.

हा सल्ला उघड्या शेतासाठी नाही. कळमेश्वर, सावनेर, काटोलकडे ज्यांची काळी जमीन आहे त्यांनी दोन एकर टमाटरसाठी कोकोपीटच्या नादी लागू नये. काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर असतं आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकदही तिच्यात जबरदस्त असते. कोकोपीट कामाचं ते स्लॅबवर वजन कमी ठेवायचं असेल तिथे, शेडनेटमध्ये, आणि रोपवाटिकेत. जंबेरीची, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या खुंटाची रोपं पावसाळ्यात चिबडणाऱ्या काळ्या मातीत वाढवली की डिंक्या रोगाची बुरशी मुळांबरोबर थेट बागेत पोचते. संत्र्याच्या रोपवाटिकांना मातीविना माध्यमाचा सल्ला दिला जातो तो याच कारणाने.

आता मुद्द्याचं. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तो कोकोपीट. पाणी उत्तम धरतं, हवाही खेळती ठेवतं, पण त्यात झाडाचं जेवण जवळपास नाही. पोटॅशियम थोडं असतं, आणि सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर सोडियम आणि क्लोराईडही भरपूर. हे पोटॅशियम-सोडियम भुशाच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. तुम्ही वरून कॅल्शियम दिलं की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतं. झाड उपाशीच राहतं. म्हणून कोकोपीटमध्ये सेंद्रिय शेती करताना पहिला प्रश्न कॅल्शियमचा, नत्राचा नंतर.

पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलेलं असलं तरी स्वतः तपासून घ्या. घरी आरओसाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा जो टीडीएस मीटर असतो तो पुरतो. भिजवायच्या पाण्याचा आकडा आधी घ्या. कोकोपीटची दाबलेली वीट भिजून फुगली की मूठभर ओलं कोकोपीट घट्ट पिळा, निघालेलं तपकिरी पाणी ग्लासात जमवा, त्यात मीटर बुडवा. आधीच्या पाण्यापेक्षा आकडा दोनशे-तीनशेने वर असेल तर अजून एकदा धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही उतरत नसेल तर माल खारा आहे, दुकानदाराला परत करा.

धुऊन झालं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम देणारं खनिज. पाच किलोच्या विटेला ३०-३५ लिटर पाणी आणि ६०-७० ग्रॅम बारीक जिप्सम असा हिशेब धरा. जिप्सम लिटरमागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, त्यामुळे जास्त टाकून उपयोग नाही. काठीने चांगलं ढवळा, कोकोपीट रात्रभर त्यात राहू द्या, सकाळी निथळा आणि एकदा साध्या पाण्याने धुवा. चुना वापरू नका, त्याने सामू (पीएच) चढतो आणि आपल्याकडचं पाणी आधीच त्या बाजूला झुकलेलं आहे. अंड्याची टरफलं चुरून टाकणारेही बरेच आहेत. टाका, अपाय नाही, पण ती महिनोन्‌महिने तशीच पांढरी दिसत राहतात.

मिश्रणाचं प्रमाण असं ठेवा. पाच किलोची वीट फुगून साधारण ६०-७० लिटर होते. त्यात ३० लिटर चाळलेलं गांडूळखत आणि दहा लिटर काळं जळकं धानाचं तूस घाला. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलांत सहज मिळतं. काळंच घ्या, पांढरी राख झालेलं घेऊ नका. यात अर्धा किलो निंबोळी ढेप, पाव किलो हाडांचं खत आणि शंभर ग्रॅम जिप्सम मिसळा. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी. ती शंभर किलो शेणखताला एक किलो या नेहमीच्या हिशेबाने गांडूळखतात आधीच मुरवून ठेवा. एवढ्यात वीस-वीस लिटरच्या पाच बॅगा भरतात, एका बॅगेत टमाटरचं एक झाड. चुलीची राख सुरुवातीला नको. पोटॅशियम कोकोपीटमध्ये आहेच आणि राखेने सामू वाढतो.

मिश्रण ओलसर करा, म्हणजे मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोटांतून पाणी टपकू नये. पोत्याखाली सावलीत ढीग लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगाच्या मध्यात हात घातला तर कोमट लागेल, कधी नाकाला अमोनियाचा वासही येईल. ढेप कुजायला लागल्याची ही खूण, आणि अशा मिश्रणात रोप लावलं तर मुळं पोळतात. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. ऊब आणि वास दोन्ही गेले, पावसाळ्यातल्या जंगलासारखा वास यायला लागला, की बॅगा भरा.

रोपं याच काळात तयार होत राहतील. प्रो ट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खणांच्या ट्रेमध्ये टमाटरला २५ ते ३० दिवस, मिरचीला ३५ ते ४० दिवस लागतात, म्हणून मिरची आधी टाका. ज्यांनी अजून बी टाकलेलं नाही त्यांनी यंदा मिरचीची रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतून आणलेली बरी. ट्रेमध्ये फक्त धुतलेलं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत पुरे. ढेप अजिबात नको.

इथे एक जरा आडवळणाचं, पण सांगायलाच हवं. कोकोपीट आणि सेंद्रिय खतं असं इंटरनेटवर शोधलं की परदेशातले गांजाचे व्हिडिओ भराभर समोर येतात. कॅनडासारख्या देशात २०१८ पासून तो कायदेशीर आहे आणि तिथल्या लोकांनी या माध्यमावर खूप बारकाईने काम केलं आहे, हे खरं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडीत लावा नाहीतर तुरीच्या ओळीत लपवा, कायदा तोच. पण ते व्हिडिओ पाहून टमाटर लावणाऱ्यांचंही नुकसान होतं, ते वेगळ्या कारणाने. बंद खोली, दिवे, मऊ पाणी आणि बाटलीतली क्षारखतं, अशी त्यांची सगळी मांडणी. तिथे रोज एवढं पाणी देतात की वीसेक टक्के खालून वाहून जावं, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. तुम्ही ढेप आणि गांडूळखत घालून तसंच रोज पाणी वाहवलं तर जिवाणूंनी कष्टाने मोकळं केलेलं नत्र थेट गच्चीच्या पाईपमध्ये जाईल. आपल्या पद्धतीत पाणी मोजूनच द्यायचं.

मोजायचं ते वजनाने. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चार बोटांवर चिंब असतं, त्यामुळे रंग पाहून पाणी देणारा फसतो. पाणी दिल्यावर बॅगेची एक बाजू उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, ते निम्म्यावर आलं की परत पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात हे रोज करावं लागेल, डिसेंबरमध्ये दोन-तीन दिवसांनी. पूर्ण कोरडं मात्र कधीच होऊ देऊ नका, नाहीतर जिवाणू मरतात आणि खत असून झाड उपाशी राहतं. सतत चिंब राहिलं तर बारीक काळी चिलटं घोंगावायला लागतात. पाणी तोडा, ती आपोआप कमी होतात.

नागपुरात पेंच-कन्हानचं नळाचं पाणी बोअरच्या मानाने बरं. बोअरचं पाणी बऱ्याच भागांत जड आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तोच थर कोकोपीटवरही धरतो आणि हळूहळू सामू साताच्या वर जातो. मग लोह मिळेनासं होऊन कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरशिवाय पर्याय नसेल तर पाण्यात लिंबूसत्व चिमटी-चिमटीने टाकून कागदी पट्टीवर सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान आणा. आणि महिन्यातून एकदा, खत द्यायच्या आदल्या दिवशी, खालून पाणी वाहेल इतकं भरपूर द्या. परतीचा पाऊस ड्रममध्ये साठवता आला तर रोपांसाठी त्यासारखं पाणी नाही.

जीवामृताबद्दल लोक हमखास विचारतात. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं आणि मातीत त्याचा उपयोग होतो, कारण जिवाणूंना काम करायला तिथे साठा असतो. कोकोपीटमध्ये साठा तुम्ही घालाल तेवढाच. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण आणि दोन-दोन किलो गूळ-बेसन, एवढ्यातून झाडाला मिळणारं अन्न फार थोडं. तेव्हा जीवामृत पंधरा दिवसांतून एकदा विरजण म्हणून जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर टमाटर पोसायला जाऊ नका. ठिबकमधून देत असाल तर दुहेरी कापडातून गाळा.

पोसायचं ते दर तीन आठवड्यांनी. बॅगेच्या कडेने दोन मुठी गांडूळखत आणि एक चमचा ढेप पसरा, वर तणसाचं आच्छादन घाला. फळ धरायला लागलं की त्याबरोबर चमचाभर जिप्सम. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की जिवाणू मंदावतात, खालची पानं फिकट होतात, टमाटरच्या पानांची मागची बाजू जांभळट दिसते. घाबरून जास्तीची ढेप टाकू नका, फेब्रुवारीत ऊन वाढलं की ती सगळी एकदम सुटते आणि नुसता पालाच माजतो. त्यापेक्षा बॅगा विटांवर उचलून ठेवा, थंड स्लॅबला टेकू देऊ नका, आणि पाणी सकाळी नऊनंतर द्या.

टमाटरच्या बुडाला काळपट, चपटा, चामड्यासारखा चट्टा दिसला तर लोक बुरशीनाशक आणायला धावतात. तो रोग नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही, आणि बहुतेक वेळा पाणी कधी जास्त, कधी कमी झाल्यामुळे हे घडतं. चट्टा पडलेली फळं तोडून टाका, पाण्याची वेळ बांधून घ्या, लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने जिप्समचं पाणी आठवड्यातून एकदा असं दोन-तीनदा द्या. नवीन फळं स्वच्छ येतील, जुनी सुधारणार नाहीत.

मिरचीवरचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आखडणं, मात्र कोकोपीटचा दोष नाही. तो फुलकिड्यांमुळे किंवा कोळी नावाच्या किडीमुळे येतो आणि पांढरी माशी विषाणू पसरवते. निळे-पिवळे चिकट सापळे रोपं लावल्या दिवसापासून टांगा, पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालून बसेल असा संध्याकाळी फवारा. सुरुवातीलाच आखडलेलं एखादं झाड दिसलं तर उपटून टाका, जीव लावत बसू नका.

आधाराला तुराट्या घ्या, फुकट मिळतात आणि मोसमभर टिकतात.

मार्चच्या मध्यानंतर दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला की टमाटरची फुलं गळायला लागतात. तेव्हा झाड काढून टाका. कोकोपीट फेकू नका, नीट वापरलं तर दोन-तीन हंगाम चालतं. जाड मुळं वेचा, पिळून टीडीएस पाहा, चढला असेल तर धुवा. मग नागपूरचा मे महिना कामी लावा. ओलं कोकोपीट काळ्या कागदावर वीतभर थरात पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच उन्हात राहू द्या. मर रोगाच्या बुरश्या आणि सूत्रकृमी बऱ्यापैकी मरतात, चांगले जिवाणूही जातात. म्हणून जूनमध्ये ताजं गांडूळखत आणि ट्रायकोडर्मा परत मिसळा, आणि त्या बॅगांत पहिलं पीक सांभार (कोथिंबीर) किंवा पालकाचं घ्या.