स्क्रिप्ट पळते, पण क्लिक भलतीकडेच?

रावेरच्या एका केळी वखारीत काटापावत्या एक्सेलमधून बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला ऑटोहॉटकीची (आपल्या वतीने आपोआप क्लिक आणि टायपिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्क्रिप्ट लिहून दिली होती. माझ्या लॅपटॉपवर झकास पळाली. तिथे मात्र वजन थेट भावाच्या रकान्यात! तासभर कोड चाळला. दोष कोडमध्ये नव्हताच. त्यांच्या विंडोजचा डिस्प्ले स्केल, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं-बटणं किती मोठी दिसतात ते, १२५ टक्के, माझा १००. त्यामुळे बटणांच्या जागाच सरकलेल्या. म्हणून आधी स्केल आणि रिझोल्यूशन बघा, आणि जमेल तिथे क्लिकऐवजी टॅब दाबत पुढच्या रकान्यात जा.

क्लिक अजिबातच लागत नाही, एररही येत नाही? मग ते सॉफ्टवेअर बहुतेक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं असतं. साध्या स्क्रिप्टचे क्लिक विंडोज तिथे गुपचूप गिळून टाकतं. स्क्रिप्टही 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवा.

कधी चालते, कधी नाही, असं असेल तर 'स्लीप २०००' (दोन सेकंद थांब) काढा, 'विनवेटॲक्टिव्ह' (सॉफ्टवेअरची खिडकी उघडून समोर येईपर्यंत थांब) घाला. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतला जुना पीसी दोन सेकंदांत खिडकी उघडेल, हा भाबडा विश्वास आहे!

आणि चाचणी नेहमी डमी पार्टीच्या नावावर घ्या. एस्केप दाबताच स्क्रिप्ट बंद पडेल, एवढी एक ओळ सगळ्यात आधी टाकून ठेवा.